इनासची परीक्षा

छप्पन्न साली माणिकपूरच्या एका दवाखान्यात माझ्यामागं रांगेत दोघी उभ्या होत्या. एक पाचूबंदरची कोळीण, दुसरी माणिकपूरची तिची ओळखीची.

"कार्मेलीनबाय, रविवारी तुमच्या सगळ्या होड्या एकदम कुठं निघाल्या होत्या?"

"माझ्या इनासला पान्यातून काढाया."

"तुमचा लेक तर जुहूला विमान चालवतो ना?"

"तेच विमान आलं गो दर्यावर. वर बघतो तं एक पंखा थांबलेला. देवळातली मिसा सुटून समदे बंदरावरच होते. शिडं चढवली नि गेले त्याच्या मागं."

"आणि विमान पडलं?"

"पडतंय कशाला? परीक्षा होती त्याची. शेजारी बसलेल्या परीक्षेच्या साहेबानं एक इंजिन मुद्दाम बंद केलेलं. इनासचं पयलं विमान लाकडाचं होतं, वर कापड तानलेलं. त्यात एक इंजिन गेलं की हळूहळू खाली येतं, म्हनतो. हे नवं, पत्र्याचं. एका इंजिनावर बी उंची सोडत नाय."

"साहेब काय म्हणाला?"

"इचारलं, खाली एवढ्या होड्या कुठं चालल्या? इनास बोलला, पुढच्या होडीत माझा बाप हाय, मला घ्याया निघालाय."

"मग, पास झाला?"

"झाला तर."

"आता बापाला समजावलं असेल त्यानं, की दुसरं इंजिन असतं म्हणून."

"सांज सरेस्तोवर समजावलं. बापानं समदं ऐकलं. मग इचारलं, पुढची परीक्षा कवा हाय ते सांग, भरती बघून ठेवतो."