सगळ्या गल्लीत आपट्याचं एकच पान

हसणार नसाल तर सांगतो. मी सेलूला होतो तवा दसऱ्याला लोक आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळा पाला नालीत. मी पडलो मास्तर. गल्लीला म्हणलं, "यंदा सगळ्यांत मिळून एकच पान. ज्याला मिळंल त्यानं तेच पुढच्या घरी सोनं म्हणून द्यायचं." सगळे लगेच हो म्हणले, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

पान फिरत फिरत माझ्याकडं आलं. पुढचं घर भानुदासरावांचं! माझ्या पत्र्यावर त्यांनी टीव्हीचा अँटेना ठोकला, तवापासून वर्षभर आमचं बोलणं बंद. गेलो, गुपचूप पान त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावलं आणि गुपचूप माझ्याच हातात दिलं.

घरी बायकोनं विचारलं, "मिटलं का मग?"

"तेच कळंना. त्यांनी मला सोनं दिलं, का माझं सोनं परत केलं?"

"विचारा की त्यांनाच."

"अगं, बोलणं बंद हाय ना!"

तेवढ्यात भिंतीपलीकडून भानुदासरावच वरडले, "मास्तर, मी आत्ता सोनं घेतलं का दिलं हो?"

ते ठरवायला त्यांच्याकडं जाऊन बसलो. तीन चहा झाले, तरी काय ठरंना. शेवटी पलीकडच्या घरच्या काकू नवं लुगडं नेसून दारात आल्या.

"मास्तर, तुमचं मिटलं असंल तर आमचं सोनं द्या की!"