मंचावर न म्हटलेलं वाक्य

(तुरुंगातली भेटीची खोली. जाळीच्या अलीकडे म्हातारा शिंपी, पलीकडे त्याचा मुलगा. पटांगणात स्वातंत्र्यदिनाचा बँड अजून वाजतोय. शिंप्याच्या मांडीवर नवाकोरा सदरा आहे, घडी न मोडलेला.)

शिंपी : सहा शब्द होते रे. 'राष्ट्राच्या कृपेने आज मी मुक्त झालो.' म्हटलं असतंस, की सही करून माझ्याबरोबर घरी.

मुलगा : माहीत आहे, बाबा.

शिंपी : तुझ्याआधी अकरा जणांनी म्हटलं. तो पाकीटमार तर दोनदा म्हणाला. मंचावरच्या साहेबाशी हात मिळवताना घड्याळही काढलं असेल त्याने. आणि तू माईकसमोर काय म्हणतोस?

मुलगा : 'मला प्रभूने तीन वर्षांपूर्वीच मुक्त केलंय. आज तुम्ही दार उघडताय, त्याबद्दल आभारी आहे.'

शिंपी : साहेबाला वाटलं, झेंड्याखाली उभा राहून थट्टा करतोय. मारली सुटकेच्या यादीतल्या नावावर काट.

मुलगा : थट्टा नव्हती.

शिंपी : ते मला कळतं, त्याला कुठं कळतं? प्रभूचं मनात म्हणायचं. मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून जन्मभर मनातच म्हणतोय.

मुलगा : पहिली चार वर्षं मी या भिंतींवर डोकं आपटलं. त्यातून ज्याने उठवलं, त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर कसं घालू?

शिंपी : घालायचं. मी गल्लीत सांगून ठेवलंय, तुरुंगाधिकारी तुला विचारल्याशिवाय जेवायला बसत नाही. तू उंदरांना कवायत शिकवलीस. लोकांना पटतं.

मुलगा : न्यायाधीशांना नाही पटलं.

शिंपी : बोललास एकदाचा. सात वर्षं वाट बघत होतो.

मुलगा : त्या भांडणात मी एक धक्का दिला होता, तो माणूस पायरीवर पडला आणि गेला. एवढंच सांगायचं होतं. तुम्ही शपथ घेऊन सांगितलंत, पोरगा दुपारभर माझ्याबरोबर नदीवर होता आणि आम्ही माणसाएवढा मासा धरला.

शिंपी : मासा नको होता. नुसती नदी पुरली असती.

मुलगा : वकिलाने विचारलं, तो मासा गेला कुठं.

शिंपी : आणि मी म्हटलं, रडायला लागला म्हणून सोडून दिला. समोर माणसं बसली की जीभ सुटते रे माझी. कोर्ट हसलं, आणि माझ्या खोट्यात तुझं खरंही बुडालं.

मुलगा : तेव्हापासून मला खोटं बोलवत नाही. तुमच्यावर राग नाही, बाबा. घशातून निघतच नाही.

शिंपी : म्हणजे तू सुटलास. मी आणि तुझी आई राहिलो आत.

मुलगा : पुढच्या वर्षी पुन्हा यादी लागेल.

शिंपी : काट मारलेलं नाव परत घेत नाहीत. शिक्षेची अजून पाच वर्षं. तुझ्या आईकडे तेवढी नाहीत. डॉक्टर आता महिन्यांत बोलतात.

मुलगा : तुम्ही तर सांगत होता, ती दोन-दोन जिने चढते, भाजीवाल्याशी भांडते.

शिंपी : पाच महिने अंथरुणाला खिळलीय. तुला इथं घोर नको म्हणून सांगत होतो.

मुलगा : बाबा...

शिंपी : माहीत असतं, तर म्हटलं असतंस ते वाक्य?

मुलगा : ते विचारू नका.

शिंपी : नाही विचारत. पण सकाळी शेजारणीकडून वेणी घालून घेतलीय तिने. दाराकडे तोंड करून पडलीय. काय सांगू तिला?

मुलगा : खरं सांगा.

शिंपी : मला कुठं येतं ते? तूच सांग, सुरुवात कशी करायची?

मुलगा : 'तो येणार नाही.'

शिंपी : पुढे?

मुलगा : पुढे काही नाही.

शिंपी : फार आखूड आहे रे. घरापर्यंतसुद्धा पुरायचं नाही.