कूपनवाल्यांची थाळी

हॅलो? … हॅलो, कोण? … हो, मी पुष्पलताच बोलून राहिली. रुख्मिणी? अवं, तुहा आवाजच नाही ओळखू आला. मागं ट्रक सुरू आहे का? … वाडीच्या गोडाऊनमधून? आमचे जावई, मनोहरराव, आहेत का तिथं जवळ? … नाही, असंच विचारलं.

… हो, शोभाताईच्या घरूनच. त्यांनीच हाक मारली, फोन आहे म्हणून; बहिणीचा आहे हे नाही सांगतलं. त्या बाहेर मुगवड्या घालून राहिल्या. आमचं अंगण एकच आहे ना, सारं ऐकू जाते. म्हणून हळू बोलते.

… हॉटेल? गेलो ना. शनिवारी संध्याकाळीच गेलो. … जेवणाचं काय सांगू वं तुले. कूपन अर्ध्या किमतीचं, अन् थाळीही अर्धीच. … हसू नको, खरं सांगते. सीताबर्डीवर एवढं मोठं हॉटेल, बाहेर लाइट लावलेले, मी तर जरीकाठी लुगडं काढलं पेटीतून. आत गेल्या गेल्या वेटर विचारते, कूपनवाले का? हो म्हटलं, तर पंख्याखालची टेबलं सोडून थेट हात धुवायच्या नळापाशी नेऊन बसवलं. जो तो येऊन चूळ भरते, अन् शिंतोडे आपल्या ताटात. … पुऱ्या? थंड्या. वरणात डाळ शोधा लागे. भाजी एकच, आलूची. बाजूच्या टेबलावर दोन भाज्या, कढी, श्रीखंड, अन् आमच्यापुढं लोणच्याची फोड.

… अवं, हेच तर घेऊन आले होते कूपन. म्हणजे … आणलं म्हणजे मले सापडलं. सदरा धुवायले घेतला, तर खिशात. सेठच्या लुगड्यांच्या दुकानाचा शिक्का होता त्याच्यावर. लगनसराईत कोणी मोठी खरेदी केली का सेठ देते ना कूपन, अन् उरलेसुरले नोकरांत वाटते. मले वाटलं, माह्यासाठीच लपवून ठेवलं. … आमच्या लग्नाले अठरा वर्षं झाली ना या महिन्यात. मी तर हुरळूनच गेली. हे म्हणत होते, राहू दे, जुनं आहे, चालत नाही आता. पण मी ऐकते का? तारीख वाचून दाखवली त्याइले. रोज मागं लागली. मीच नेलं वं त्याइले तिथं. मीच.

… नाही, बरी आहे मी. … आवाज? … थांब, सांगते.

रुख्मिणी, तुह्या भाऊजीची नोकरी गेली.

… हो. … हो, सेठच्याच दुकानातली. दुसरी कोणती आहे त्याइले? … नाही, त्यांनी नाही सांगतलं. अजूनही नाही सांगतलं. तेच तर …

ऐक ना वं, मधात बोलू नको. श्रीखंडावरून झालं सारं. मी बाजूच्या ताटाकडं पाहून फक्त एवढंच म्हटलं, आपल्याले नाही का श्रीखंड? बस. तुले माहीत आहेत तुहे भाऊजी, बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तरी हेच सरकून जातात. त्यांनी वेटरले बोलावलं. कूपनवर पूर्ण थाळी लिहिलं आहे म्हणे, श्रीखंड आण. वेटर म्हणते, नाही भेटत. यांचा आवाज चढला. लोक वळून वळून पाहून राहिले. मॅनेजरनं गल्ल्यावरून विचारलं, कूपन कुठून आणलं, खरेदीची पावती दाखवा. तर हे उठून गल्ल्यापाशी गेले अन् म्हणतात, पावती कायची, मी दुकानचाच माणूस आहे, तेरा वर्षांपासून. सेठले फोन करून विचारा.

… काय माहीत काहून म्हटलं. तोंडातून निघून गेलं असन. तेरा वर्षांची सवय वं.

अन् त्या मेल्यानं खरंच लावला फोन. … हो, तिथल्या तिथं. गल्ला आमच्यापासून चार हातावर. पहिले त्यानं हो जी, हो जी केलं. मंग फोन ठेवला अन् वेटरले म्हणते, "दे दो भाई, श्रीखंड दे दो. बेचारे की नौकरी छूट गई है, महीना हो गया."

… नाही, रागानं नाही. कीव आल्यासारखं. तेच लागलं मले. शिवी दिली असती तर मी ताटावरून उठली असती.

… हे? यांची पाठ होती माह्याकडं. मले पाठच दिसली. मंग येऊन बसले, तर मी आपली खाली मान घालून पुरी खाऊन राहिली, जसं काही ऐकलंच नाही. नळ चालू होता ना, त्याइले वाटलं असन नाही ऐकू आलं. मंग वाटीभर श्रीखंड आलं. … खाल्लं वं. काय करू? नसतं खाल्लं तर त्याइले समजलं असतं. चाटूनपुसून खाल्लं, अन् वरून म्हटलं, चांगलं आहे. हे नुसते पाणी पीत बसले.

… नाही ना. येताना रिक्षातही काही नाही बोलले. काल रविवार, दुकानाले सुट्टी, दिवसभर घरी होते, तरी नाही. अन् आज सकाळी, रुख्मिणी, नऊ वाजता चपला घातल्या अन् म्हणतात, येतो, आज दुकानात माल यायचा आहे. मी डबा दिला हातात. दिला. काय म्हणू त्याइले?

… कुठं जातात ते मले काय माहीत. महिना झाला म्हणतो तो मॅनेजर. अन् मले कसं समजलं नाही सांग. पहिले सदरा धुवायले घेतला का कोऱ्या लुगड्यांचा वास ये, खळीचा. महिनाभरापासून नुसता घामाचा येते. रोज धुवून राहिली मी ते सदरे.

… काढलं काहून? सेठ कशाले सांगन मले? पण हे कोष्ट्याच्या घरचे, बापाच्या हातमागावर बसलेले. डोळे मिटून लुगड्यावर हात फिरवला का सांगतात, हे उमरेडचं, हे नागपूरचं. आता गिऱ्हाईक नायलॉन मांगते. नायलॉन दाखवायले कोणीही चालते. … अन् निघताना हातावर कूपन ठेवलं असन सेठनं. तेरा वर्षांच्या बदल्यात. हे मले आज भांडे घासता घासता समजलं.

… नाही. नाही, रुख्मिणी, मनोहररावांले आत्ता काही नको सांगू. … गोडाऊनमध्ये ट्रकच्या मालाच्या बिल्ट्या लिहायले माणूस पाहिजे, चांगलंच आहे, मी नाही कुठं म्हणते? पण पहिले त्याइच्या तोंडून निघू दे. मी म्हटलं का मले माहीत आहे, तर मंग ते श्रीखंड … समजते ना तुले? माह्यासमोर पुन्हा मान वर नाही करणार तो माणूस.

… हो, अन् नाही म्हटलं तर हे असेच रोज निघत राहतील. तेही दिसते मले. भेव वाटते वं. दिवसभर एकटा माणूस, कुठं तलावाकडं बसत असतील, का रेल्वेच्या रुळाकडं … नाही, नाही बोलत तसं. पण येते ना मनात. संध्याकाळी पाऊल वाजलं का जिवात जीव येते, अन् वाटते, आता सांगतील. अन् ते विचारतात, चहा आहे का?

… काय? … थांब, फाटक वाजलं.

रुख्मिणी, हे आले. … आत्ताच. बारा नाही वाजले अजून. … नाही, मी खिडकीच्या आत आहे, मी नाही दिसली त्याइले. … चूप, शोभाताई विचारून राहिल्या, आज लवकर कसे म्हणून.

…

… आहे. आहे मी फोनवर. … सांगतलं. शोभाताईले सांगतलं वं. "माही नोकरी गेली, वहिनी. महिना झाला." असं, उभ्या उभ्या. … नाही, मले नाही. अठरा वर्षं संसार माह्यासंगं, अन् पहिले शेजारणीले सांगतलं. … हो, समजते मले. तिच्याजवळ सोपं गेलं असन. निघालं तोंडातून, तेच खूप झालं. … नाही वं, रडून नाही राहिली. थोडंसं.

… विचारून राहिले ते, घरी कोणी नाही का म्हणून. मले बाहेर जा लागन. … पण जाऊन म्हणू काय? … काय झालं म्हणून विचारू? नव्यानं? … हो. … हो, तसंच विचारते. ठेव आता, डोळे पुसू दे मले.