घासलेला राजा

शेतात सापडलेल्या वस्तू ओळखून द्यायला संग्रहालयाची बाई शनिवारी लिंकनशायरच्या त्या छोट्या वाचनालयात येते. रांगेत एक म्हातारी होती आणि तिच्या मागे चिखलाच्या बुटांतला, यंत्रानं शेतातली जुनी नाणी शोधणारा एक डिटेक्टरवाला. म्हातारीनं लोण्याच्या रिकाम्या डब्यातून नाणं काढलं मात्र, तो दचकलाच.

“अहो बाई, हे कुणी घासलं?”

“मीच. रात्रभर व्हिनेगरात ठेवलं, मग दात घासायच्या ब्रशनं खसाखसा.”

“अरे देवा! अहो, त्या हिरव्या गंजातच चेहरा असतो. गंज गेला की राजाही गेला!”

“आमचा म्हातारा सिरिलही तुमच्यासारखाच डिटेक्टरवाला, अस्साच ओरडला असता. जन्मभर या डब्याला हात लावू दिला नाही मेल्यानं.”

“मग आताच कशाला लावलात?”

“इस्पितळात आहे तो. डोळे गेलेत. कोणता राजा, कोणता राजा, एवढाच धोशा. म्हटलं, घासलं तर त्याच्या बोटांना तरी चेहरा लागेल.”

डिटेक्टरवाल्यानं टोपी काढली.

“काय सांगू आता त्याला?”

“थांबा. ही मुकुटाची टोकं उरलीत बघा. रोमन आहे. आता हे माझं नाणं घ्या. मुकुट तसाच, गंज न् मातीसकट. त्याचंच म्हणून हातात द्या, अंगठा ओळखेल.”

“म्हणजे म्हातारपणी खोटं बोलू नवऱ्याशी?”

“डिटेक्टरवाल्याशी खोटं बोललं तर पाप नाही लागत. हे कुठल्या शेतात सापडलं, ते मी माझ्या बायकोलाही अजून खरं सांगितलेलं नाही.”