सहा मैल आत

…आणि वर बायको मलाच म्हणते, "तुला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" आता तुम्हीच सांगा, फेब्रुवारी महिना, बाहेर कमरेएवढा बर्फ, धड उजाडलेलंसुद्धा नाही, आणि शेजारच्या गॅरेजात दिवा… आणि आतून कोणीतरी दारात शेपूट अडकल्यासारखं केकाटतंय… शेजाऱ्यानं जाऊन बघू नये? उद्या तो वेंडल आत मरून पडला असता तर हीच ट्रुडी म्हणाली असती, "कुंपणाला कुंपण लागून राहतोस आणि तुला पत्ता नाही?" म्हणून गेलो. दार वाजवलं. म्हटलं, "वेंडल, बरा आहेस ना रे?" बस्स! एवढंच! तुम्हाला सांगतो, मी आपलं नुसतं विचारलं होतं!

आत बघतो तर काय, हा सहासष्ट वर्षांचा बाप्या तोंडात एक रबरी नळी धरून, गाल बेडकासारखे फुगवून, एल्कच्या नराची आरोळी काढतोय! एल्क म्हणजे सांबराचा घोड्याएवढा थोरला भाऊ समजा. त्याची आरोळी ऐकली नसेल तर गंजलेलं फाटक आणि तान्हं बाळ एकदम रडल्याचा आवाज डोक्यात आणा. पिंगपाँगच्या टेबलावर अख्ख्या डोंगराचा नकाशा पसरलेला, त्यावर टाचण्याच टाचण्या. मला बघून म्हणतो, "दार लाव, दार लाव! कोणी बघेल!"

"कोण बघणार? गाव झोपलंय."

"पाद्रीबाबा उठलेले असतात."

आता हसू नका. आमच्याकडे शिकारीची जागा ही बायकोच्या वयासारखी गोष्ट आहे, कोणी विचारायची नाही आणि विचारलीच तर कोणी खरी सांगायची नाही. ऑक्टोबर जवळ आला की पेट्रोलपंपावर, चर्चच्या जेवणात, न्हाव्याकडे, जो तो विचारतो, "यंदा कुठे?" आणि जो तो म्हणतो, "जरा वरच्या बाजूला." अरे, डोंगरात राहतो आपण! वरच्या बाजूला नाही तर काय विहिरीत जाणार? एक महाभाग तर दुसऱ्यांना चकवायला आपली गाडी भलत्याच पायवाटेशी उभी करतो आणि बायकोच्या सायकलवरून खऱ्या जागी जातो. बंदूक पाठीला, डोक्यावर नारिंगी टोपी, आणि सायकलला पुढे फुलांची टोपली!

तर मला वाटलं, चला, वेंडल जिवंत आहे, घरी जाऊन कॉफी प्यावी. पण तो खुर्चीवर बसला, नळी मांडीवर ठेवली, आणि म्हणाला, "ग्लेन, घर विकलंय."

म्हणजे बघा! वीस वर्षं शेजारी, आणि मला पत्ता नाही! मला!

तर झालं होतं असं, की त्याच्या बायकोची, मर्नाची, फुप्फुसं अधू झालेली. इथली हवा विरळ, त्यात ही थंडी, डॉक्टर म्हणाले, खाली उतरा, उबेला जा. लेक राहते तिकडे वाळवंटात, ॲरिझोनात. ऑक्टोबरची शिकार झाली की नोव्हेंबरात जायचं. आणि एकदा गेला की वेंडल इथल्या सरकारी खात्याच्या लेखी परका. शिकारीच्या परवान्याला परक्यांची रांग वेगळी, तिथे नंबर लागेपर्यंत ह्याचे गुडघे ह्याला सोडून जातील. ते तसेही निघालेच आहेत. आणि जन्मभर ह्या डोंगरात फिरून त्यानं एल्कच्या माद्या आणल्या, हरणं आणली, पण शिंगांचा नर? एकदाही नाही. "एक," म्हणाला. "एकच, ग्लेन. माझ्या पायांनी चढून, माझ्या हातानं. मग खुशाल नेऊ देत मला वाळवंटात नाहीतर मसणात."

आता मुकाट घरी जावं की नाही माणसानं? पण माझ्या तोंडातून बाहेर काय पडावं? म्हटलं, "सोबत कोण आहे तुझ्या?"

मी आपलं नुसतं विचारलं होतं हो!

त्या दिवसापासून माझं माणसाचं जिणं संपलं. वेंडलचा सिद्धांत असा, की सरकारी डोंगर सगळ्यांचा, म्हणून तिथे सगळे येतात. पण माणूस मूळचा आळशी. दोन मैल चालतो आणि बसतो. तेव्हा आपण जायचं सहा मैल आत, 'मेलं खेचर' नावाच्या ओढ्याच्या उगमाशी, दोन कडे चढून. तिथे कोणीही जात नाही. नर तिथेच दडतात. "पण वेंडल," मी म्हटलं, "तिथे पडलेला घोड्याएवढा प्राणी परत कोण आणणार?" तो माझ्या खांद्यांकडे बघायला लागला. बैलबाजारात बघतात तसा!

मग काय, अख्खा उन्हाळा, रोज कामावर जाण्याआधी, पाठीवर कुत्र्याच्या खाण्याचं पोतं बांधून पाण्याच्या टाकीची टेकडी चढायची आणि उतरायची. घरात कुत्रं नाही! लोक खिडकीतून बघतात. पोस्टातली बाई विचारते, "ग्लेन, टेकडीवर कुत्रं पाळलंय का?" काय सांगू? गुपित ना! म्हटलं, "जरा वरच्या बाजूला." वेंडल मागून नुसत्या काठीनिशी, गुडघे करकरताहेत, आणि वाऱ्यावर भाषण देतोय, सकाळी वारा खाली वाहतो, दुपारी वर वाहतो, एल्कला तुझा वास मैलावरून येतो, तेव्हा शिकारीआधी आठवडाभर साबण नाही. ट्रुडीनं मला बैठकीत झोपायला घातलं. बैठकीत! आणि शेजारच्या खिडकीतून मर्ना हात हलवून मोठ्यांदा ओरडते, "ग्लेन, तू आहेस म्हणून त्यांना सोडतेय हो!" आणि मग एवढं बोलल्याचा खोकला. त्या खोकल्यापुढे माझी काय टाप आहे नाही म्हणायची!

उजाडला शिकारीचा पहिला दिवस. उजाडला कसला, अंधारच होता. पायवाट सुरू होते तिथल्या गाड्यांच्या मैदानात शिरलो, आणि… काय सांगू तुम्हाला… जत्रा! टेक्सासची गाडी, मिनेसोटाची गाडी, फ्लोरिडाची गाडी… अरे, फ्लोरिडात मगरी संपल्या का? गाडी लावायला जागा नाही. नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या अंगात नारिंगी जाकीट, डोक्याला दिवा, डोंगराच्या वाटेवर दिव्यांची माळ लागलेली. वेंडल शांत. "दोन मैलांवर बसतील सगळे," म्हणाला.

बसले ना! काही बसले. बाकीचे आमच्यापुढे. दोन कडे चढलो, वेंडल प्रत्येक पावलाला हुं… हुं… करतोय, मी त्याची बंदूक घेऊ का म्हणतो तर माझ्यावर डोळे वटारतो, आणि उन्हं आली तेव्हा पोचलो उगमाशी. जिथे कोणीही जात नाही तिथे. झेंडूचा मळा फुललाय! नारिंगीच नारिंगी! तंबू, चुली, दोऱ्यांवर मोजे… एकजण अंडी तळत होता. मी म्हटलं, "राम राम, तुम्ही इथे कसे?" तर म्हणतो, "सगळेच म्हणतात ना, लोक दोन मैलांवर बसतात, तुम्ही सहा मैल जा." सगळेच म्हणतात! मग दोन मैलांवर बसतंय कोण, एल्क?

वेंडलनं माझी बाही ओढली. मला खुणेनं पलीकडच्या उतारावर नेलं, झाडीत बसला, नळी काढली आणि आरोळी दिली. आणि तुम्हाला सांगतो… खालून उत्तर आलं. माझ्या अंगावर काटा! वेंडलचा चेहरा लहान मुलासारखा झाला. परत आरोळी. परत उत्तर, आणखी जवळून. मग काय, हा सरपटतोय, मी सरपटतोय, पोटाखाली बर्फाचं पाणी, तासन् तास! "थोराड आहे," वेंडल कुजबुजला. "आवाज ऐकलास? छाती भरलेली." शेवटी एका लाकडापलीकडे झाडी हलली, वेंडलनं श्वास रोखला, आणि वर आली… नारिंगी टोपी. टोपीखाली पाद्रीबाबा. तोंडात रबरी नळी!

दोघांनी बंदुका खाली ठेवल्या.

"बाबा," वेंडल म्हणाला, "रविवारी तुम्ही म्हणालात, यंदा जाणार नाही, पाठ धरलीय."

"आणि तू म्हणालास, तू गॅरेज रंगवणार आहेस."

"मी काही पाद्री नाही!"

"वेंडल," पाद्रीबाबा गुडघ्याचा चिखल झटकत म्हणाले, "दहा आज्ञांमध्ये शिकारीच्या जागेबद्दल काहीही नाही. मी बघितलंय." आणि मग बोटानं खाली दरीत दाखवलं. तिथे खाजगी कुरण, शिकारीला बंदी, तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे हिरव्या गवतात एल्कचा अख्खा कळप पाय पोटाशी घेऊन रवंथ करत बसलेला. "शुक्रवारीच गेले. त्यांना तारीख माहीत असते."

पुढचे दिवस कसे गेले ते मी सांगत नाही. चाललो. रोज चाललो. एक शेपूट दिसलं नाही. शेवटच्या दिवशी वेंडल बसला की उठेना, म्हणून त्याला हाताला धरून खाली आणला. मैदानात त्याच्या गाडीचं मागचं फळकूट पाडलं, त्यावर त्याला बसवलं, बंदूक रिकामी करून पेटीत घातली, पेटी कुलपात, बूट काढले. पायांची सालटी निघालेली. शेजारी एक कॅन्ससचा इसम, विमा विकतो म्हणे, घड्याळाचा गजर एक दिवसही झाला नाही म्हणून पहिल्यांदाच आज उगवलेला, पायात घरात घालायच्या चपला, एका हातात कॉफी, आणि बंदूक नुकतीच बाहेर काढतोय.

आणि समोरच्या झाडीतून नर आला.

घाईबिई काही नाही. रस्ता ओलांडला, गाड्यांच्या रांगेकडे बघितलं, लग्नातल्या व्याह्यासारखा, आणि पलीकडच्या सरकारी उतारावर जाऊन उभा राहिला. कॅन्ससवाला पांढराफटक. वेंडलच्या कानाशी येऊन म्हणतो, "काका… हा… हा चालतो का?"

कारण लहान शिंगांचा मारता येत नाही, फाटे मोजावे लागतात, आणि ह्या माणसाला मोजता येत नव्हते! वेंडल अनवाणी. त्याची बंदूक कुलपात. मी त्याच्याकडे बघतोय. बोल, म्हटलं, नाही चालत म्हणून बोल! मनात हं. वेंडलनं डोळे बारीक केले, फाटे मोजले, दोनदा मोजले, आणि म्हणाला, "चालतो." मग हळूच, "रस्त्यावरून नाही मारायचा. खाली उतर. अजून पुढे जा… अजून… हं. आता टेकून बस. श्वास सोड."

एक बार. पडला नर.

मी वेंडलवर असा उखडलो! म्हटलं, "अरे, का सांगितलंस? का?" तर बुटात पाय कोंबत म्हणतो, "त्यानं आपलं नुसतं विचारलं, ग्लेन."

आणि तो शहाणा चपला वाजवत परत आला आणि म्हणतो, "आता ह्याचं काय करतात?" वेंडलनं आपला सुरा काढला. लंगडत गेला, त्या जनावराच्या मानेवर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला, आणि मग अर्धा दिवस बसून सगळं मांस नीट सोडवून दिलं. मी धरत होतो, वाहत होतो. निघताना कॅन्ससवाल्याला एकदम उमाळा आला, "काका, तुम्ही एवढे जाणकार! पुढच्या वर्षी मी कुठे जाऊ?"

जन्मभर सख्ख्या भावालासुद्धा जागा न सांगितलेला हा माणूस, गाडीच्या धुळीनं भरलेल्या काचेवर बोट ओढून त्याला नकाशा काढून देतो! "सहा मैल आत जा," म्हणाला. "तिथे कोणीही जात नाही." तोंडावर सुरकुती हलली नाही हो त्याच्या!

नोव्हेंबरात गेले ते दोघं. मर्नाचा खोकला कमी आहे म्हणे. वेंडल दर रविवारी फोन करून विचारतो, बर्फ किती पडला. शेजारचं गॅरेज अंधारात असतं, मी आपला बघतो सवयीनं. आणि परवा फोन वाजला. कॅन्सस. म्हणतो, "ग्लेनकाका ना? वेंडलकाकांनी नंबर दिला. म्हणाले, सोबतीला ग्लेनला घे, त्याचे खांदे तयार आहेत. तुम्हाला जमेल का हो?"

आता सांगा. चांगलं खडसावायचं होतं मला. शब्दसुद्धा तयार होते. ट्रुडी समोर उभी, हातानं खुणा करतेय, नाही म्हण, नाही म्हण…

मी आपलं नुसतं विचारलं, "निघायचं किती वाजता?"