दुसरी नळी

घरच्या माशांच्या टाकीत डोंगर चिकटवताना सिलिकॉन कमी पडेल म्हणून शिवणवाल्या काकू तसलीच दुसरी नळी घेऊन दुकानाच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे दोघे भाऊ बोलत होते.

“दादा, माशांच्या टाकीसाठी थर्माकोलचा काय झकास डोंगर कोरला होता! सकाळी बघतो तर सगळे मासे पोट वर करून.”

“चिकटवलास कशाने?”

“बाथरूमच्या सिलिकॉनने. बुरशी न धरणारं, म्हटलं चांगलंच असेल.”

“अरे गाढवा, बुरशीला मारतं ते माशांना सोडेल?”

काकूंनी नळी फिरवली. ‘बुरशीरोधक’. त्यांनी लगेच घरी फोन लावला.

“अहो, मासे पाण्यात सोडू नका!”

“सोडले की! पहिलीच नळी पुरली. नात टाळ्या पिटतेय. म्हणते, आजोबा, सगळे मासे वर येऊन गाणं म्हणतायत.”