काच शाबूत आहे

लेक : पण आई, फोटोंच्या चौकटींना काचा का नाहीत? कुठे गेल्या?

आई : फुटल्या. खाणीत सुरुंग उडाला की काय टिकतं ह्या घरात?

लेक : आणि चौकटींना ओरखडाही नाही? माझ्या लग्नाच्या फोटोवर बोटभर खडीची धूळ बसलीय. नवऱ्याचं तोंडही दिसत नाही.

आई : बरंच झालं. फुगलेलंच होतं त्या दिवशी.

लेक : विषय बदलू नकोस. सकाळी सरकारी साहेब पाहणी करून गेल्यापासून तू ओट्यापाशी उभी आहेस. पाणीसुद्धा प्यायली नाहीस.

आई : बाबा कुठायत?

लेक : गल्लीच्या तोंडाशी. एकटेच. लोक शेजारून जातायत, पण कोणी बोलत नाहीये त्यांच्याशी.

आई : कसे बोलतील? सगळ्या गल्लीचा भरपाईचा अर्ज माझ्यामुळे बुडाला गं.

लेक : तुझ्यामुळे?

आई : भिंतींना तडे जायला लागले, तेव्हा बाबांनी प्रत्येक तड्यावर काचेची पट्टी आडवी बसवली. दोन्ही टोकांना सिमेंट, शेजारी पेन्सिलने तारीख. गवंडी माणूस, त्यांची ती पद्धत. भिंत हलली की काच तुटते. रोज सकाळी हात फिरवून म्हणायचे, काच शाबूत आहे. मग कुठे त्यांना चहा गोड लागायचा.

लेक : मग?

आई : ते खोकल्याने दवाखान्यात होते तेव्हा एक तुटली. डॉक्टर म्हणाले होते, मनाला लागेल असं काही सांगू नका. आणि हे घर तर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. मी फोटोची काच फ्रेमवाल्याकडून कापून आणली आणि तिथेच चिकटवली. तारीख जुनीच राहिली.

लेक : आणि पुढची तुटली तेव्हा?

आई : तेव्हाही तेच. मग सवयच लागली.

लेक : अगं आई...

आई : आज सगळ्यांनी आपापले तडे दाखवले. साहेब म्हणाला, हे खाणीमुळेच कशावरून? तर गल्ली त्याला आपल्याकडे घेऊन आली. गवंडीकाकांकडे पुरावा आहे म्हणून. त्याने टॉर्च मारली, तारीख वाचली. म्हणाला, वर्षभरात काच तुटली नाही, म्हणजे भिंत हललेलीच नाही. मी चहाचा ट्रे घेऊन उभी.

लेक : मग आता सांग त्याला जाऊन.

बाबा : मी सांगितलं. आत्ताच, फोनवर.

लेक : बाबा! कधी आलात?

बाबा : दारातच होतो. साहेब म्हणाला, काचा तुम्हीच बदलता, तर तडेही तुम्हीच पाडले असतील. ठेवला फोन.

आई : तुम्हाला ठाऊक होतं?

बाबा : मी लावलेली काच खिडकीची, जाड. तुझी पातळ. पहिल्याच सकाळी हाताला कळलं.

आई : मग रोज शाबूत आहे म्हणायचात ते?

बाबा : तू चहा गाळताना कान लावून उभी असायचीस. मी तसं म्हटलं की तुझा जीव भांड्यात पडायचा.

लेक : दोघंही माझ्याकडे चला. आजच. हा खोकला, ही भिंत, काय राहिलंय इथे?

बाबा : आणि गल्लीने कुठे जायचं? विश्वासाने साहेबाला आणलं त्यांनी, आणि मी त्यांच्या तोंडाला पानं पुसली. तेव्हाच बोलायला हवं होतं. बायकोला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून गप्प बसलो.

(खाणीचा भोंगा वाजतो.)

आई : फळीवरचे कप खाली घे गं. भिंतीला टेकू नकोस.

लेक : रोज असंच?

बाबा : धर घट्ट. हं. उडाला.

लेक : आतल्या खोलीतून आवाज आला.

आई : तुटली.

लेक : मी फोटो काढते. साहेबाला पाठवू.

बाबा : आपल्या काचेवर आता कोण विश्वास ठेवणार?

आई : असू द्या. तुकडे भरते मी.

बाबा : एखादी काच उरलीय का?

आई : एकच. तुमच्या-माझ्या फोटोवरची.

बाबा : काढ. ह्या वेळी मी बसवतो. तुझं सिमेंट नीट धरत नाही.